जुन्या हाताची नोंद

नवा यांत्रिक हात जोडून झाला, पण बोटं हलेनात. पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: ‘या जागी एक हात आधीच नोंदलेला आहे.’

तंत्रज्ञ किन्हीकर वैतागला. “अपघातानंतर जुन्या हाताची नोंद कुणी पुसलीच नाही. तुमच्या शरीराच्या प्रणालीला वाटतंय, तो अजून आहे. ती नोंद पुसल्याशिवाय प्रणाली नव्याला घेणार नाही. पुसू का?”

सुनेत्रा खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. “मग त्या हातात जे जाणवतं, तेही जाईल?”

“जाईलच. वर्षभर भास होतायत ना? सुटाल एकदाच्या.”

कसले भास, ते त्यानं विचारलं नाही. जीप उलटली तेव्हा छोट्या तनूनं आईचा उजवा अंगठा गच्च धरला होता. तनू गेली, हातही गेला. ती पकड तेवढी सुटली नव्हती.

किन्हीकरचं बोट बटणाकडे गेलं.

“नको!” ती ओरडलीच. “हा नवा काढा. आत्ता काढा.”

त्यानं काढून दिलेला हात तिनं पिशवीत कोंबला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि भराभर जिना उतरली.

उजवा मोकळा नव्हता.