उजवी छाती

आमच्याकडे अँझॅक दिनाला, म्हणजे युद्धात लढलेल्यांच्या स्मरणदिनी, सैनिक आपली पदकं डाव्या छातीवर लावतो. मेलेल्याची पदकं घरच्यांनी उजवीकडे लावायची. यंदा निवडणुकीला उभा असलेला डॅरिल, दुसऱ्या महायुद्धात तोब्रुकला लढलेल्या आजोबांची पाचही पदकं उजवीकडे लावून स्मारकापुढे आला. "असा सैनिक ऑस्ट्रेलियात पुन्हा होणे नाही!" म्हणताना त्याला हुंदका आवरेना. मग दोन मिनिटांच्या मौनासाठी सगळे माना खाली घालून उभे राहिले.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा दोरीपाशी आला. स्वयंसेवक कुजबुजला, "आजोबा, मागं व्हा. पुढं फक्त पदकवाले."

"अरे, ती काय माझी पदकं, त्या गाढवाच्या छातीवर! सकाळी बघतो तर डबी रिकामी!"

 

"श्श! तुमच्यासाठीच दोन मिनिटं शांत उभे आहोत. निदान तुम्ही तरी गप्प बसा!"