बाजार बंद होण्याआधी

"अर्लीन, मंगळवारी नगरसभेत तू हात वर केलास आणि बुधवारी आपला शेअर खाली बसला," व्हर्ना म्हणाली.

चर्चच्या तळघरात जमलेल्या शेअर क्लबच्या बायका हसल्या. अर्लीनही हसली, जरा कमी.

ऑरेगनच्या त्या गावानं केबल कंपनीला अट घालायची ठरवली होती: तारेवरून इंटरनेट विकायचं, तर त्याच तारेवरून दुसऱ्या कंपन्यांनाही विकू द्या. कंपनी म्हणत होती, गावाला तो अधिकारच नाही. ठरवील ते वॉशिंग्टनचं केंद्र सरकार. नियम पक्का व्हायला दोनदा मतदान लागे. पहिलं मंगळवारी अटीच्या बाजूनं झालं, दुसरं आज संध्याकाळी होतं, आणि सगळं नगरसभेची सदस्य असलेल्या अर्लीनच्या मतावर अडलं होतं. क्लबचे बरेचसे पैसे त्याच कंपनीत होते.

"वॉशिंग्टनवर सोड ना बाई," व्हर्ना म्हणाली. " एवढी मोठी माणसं बसलीत तिथं."

"हिवाळ्यात तुझी तार तुटली, तेव्हा फोन कुणाला केलास?"

"तुला."

"का गं?"

"तू उचलतेस म्हणून."

कुणीतरी खोकलं.

"बरं, मत तुझं," व्हर्ना म्हणाली. "फक्त कुठल्या बाजूनं देणार ते सांग. शेअर ठेवायचे की विकायचे, आमचं आम्ही बघू."

व्हर्नाला यात काही वावगं वाटत नव्हतं. या बायका घराच्या किल्ल्यासुद्धा एकमेकींकडे ठेवत.

"क्लबमधला माझा वाटा मोकळा करा," अर्लीन म्हणाली. "आजच्याच भावानं." कोट घेऊन ती जिना चढून गेली.

व्हर्नानं जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मत फिरवायचं असतं, तर भाव चढेपर्यंत थांबली असती. म्हणजे उद्या भाव आणखी पडणार." दलालाला लावायला तिनं भिंतीवरचा फोन उचलला. "न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडच्या दुपारी एकला बंद होतो, दहाच मिनिटं उरलीत. विकून टाकू."

"आधी प्रार्थना," सिग्ने म्हणाली. ती ऐंशीची, सगळ्यांत थोरली. समोर केक होता आणि प्रार्थनेआधी इथं कुणी सुरी उचलत नसे. व्हर्नानं फोन ठेवला.

माना खाली गेल्या. सिग्नेनं अन्नासाठी देवाचे आभार मानले. मग आजाऱ्यांसाठी मागणं मागितलं, एकेकाचं नाव घेऊन. मग समुद्रावरच्या होड्यांसाठी. पाळकांच्या गरोदर बायकोसाठी. व्हर्नानं एक डोळा उघडून घड्याळाकडे पाहिलं. सिग्ने आता शाळेच्या मुलांकडे वळली होती, पहिल्या इयत्तेपासून.

एक वाजून गेल्यावर तिनं "आमेन" म्हटलं आणि सुरी व्हर्नाच्या हातात दिली.