दाजींची खानावळ

आल्प्समधली आमची गाडी मधल्या दातेरी रुळात चाक अडकवत इतका उभा चढ चढते, की आत बसलेल्यांना बाहेरची सरळ घरंच कलंडलेली दिसतात. रुळांना लागूनच माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, मेल्क सुताराची, खानावळ आहे. येता-जाता सगळं गाव खिडकीतून ओरडायचं, "मेल्क, घर पडलं रे!" बिचारे दाजी दर वेळी भिंतीला पाणसळ लावून घर सरळ असल्याचं दाखवायचे. एकदा मीही ओरडलो, "दाजी, सुतारकी शिकलात तरी कुणाकडे?" तेव्हा मात्र त्यांचं टाळकं सटकलं.

हिवाळ्यात गाडी बंद असते. तेवढ्यात त्यांनी अख्ख्या खानावळीची चढाकडची बाजू चांगली पुरुषभर उचलली. वसंतात पहिल्याच गाडीतून टाळ्या पडल्या, "वा मेल्क, आता कसं सरळ झालं!" दाजी मिशीत हसले. आत माझी बहीण रेगुला प्रत्येक बशीखाली लाकडाची पाचर सारून बार्लीचं सूप वाढत होती.



खिडकीपाशी बसलेल्या गिऱ्हाइकाने जाणाऱ्या गाडीकडे बघून तिला विचारलं, "बाई, ही गाडी तर सपाटीवरनं चाललीय. मग रुळाला दात कशाला हो?"