विरळ हवेची खोली

विरळ हवेच्या खोलीबाहेर दोघी अवघडून बसल्या होत्या. हाडांतल्या मज्जेला रक्त घडवायला सांगणारं संप्रेरक हेमांगीच्या थकलेल्या मूत्रपिंडांत आता उमलत नव्हतं. तिची नणंद शरयू आत जाऊन श्वासासाठी तडफडे, तेव्हा तिच्या देहात उठलेली रक्त घडवण्याची ती हाक हेमांगीच्या दंडात बसवलेली चकती जशीच्या तशी झेलत असे आणि फिकट ओठांवर हळूहळू रंग चढे.

"वन्सं, तुमच्या भावानं मला सोडलं. आता कुठल्या नात्यानं गुदमरणार?"

"गालांवर जरा लाली आली की फार बोलतेस, वहिनी."

"तुमचं रक्त दाट होत चाललंय, म्हणाले डॉक्टर. उद्या तुम्हालाच काही झालं तर?"

शरयूनं नेहमीसारखा चष्मा काढून वहिनीच्या हातात ठेवला, आणि ती आत निघून गेली.