जाळं नसलेला कोपरा

फवारणीवाला पाठीला पंप लावून दारात उभा होता आणि सफाईवाल्या मावशी झाडू आडवा धरून कोपऱ्यापुढे. कोपऱ्यात तारेसारख्या लांब पायांचे वीसेक जीव एकमेकांत पाय गुंतवून बसले होते.

"कोळी आहेत मावशी, बाजूला व्हा," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. साहेब फुलपाखरांतले जाणकार. बाकी किड्यांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"कोळी नाहीत, साहेब."

"आठ पाय आहेत."

"असू देत. अकरा वर्षं या इमारतीतली जाळी काढतेय मी. या कोपऱ्यात झाडूला कधी एक धागा लागलेला नाही."

साहेबांनी हसण्यावारी नेलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी वैतागून साहेबांनी खिशातलं भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसले. कोळ्याचं अंग दोन भागांचं, मध्ये बारीक कंबर. इथे कंबरेचा पत्ताच नव्हता. अंग मण्यासारखं एकसंध, आणि डोळे दोनच; बहुतेक कोळ्यांना आठ असतात. साहेब बराच वेळ उठले नाहीत.

"हार्वेस्टमन," ते पुटपुटले. "कोळ्यांसारखे दिसतात, पण जात वेगळी. यांना विष नसतं. जाळंही विणत नाहीत." त्यांनी हातानेच फवारणीवाल्याला परत पाठवलं.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि एक कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"मग तिसऱ्या कपाटात हाच जीव ठेवलेल्या बाटलीवर तुमच्याच अक्षरात 'कोळी' लिहिलंय, तेवढं बदला, साहेब. रोज पुसताना मला लाज वाटते."