मनगटावरचा निवाडा

हेमंतरावांच्या मनगटावरच्या विमा कंपनीच्या पट्ट्यानं नाडी मोजली आणि गोड आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

घामानं निथळत, छाती दाबून धरत हेमंतराव सवयीनं म्हणाले, "काही नाही, जरा पित्त झालंय."

"तातडीचं आहे, आपत्कालीन नाही. उद्या आमच्या दवाखान्यात या. रुग्णवाहिका मिळणार नाही."

त्यांच्या पत्नी शर्मिलाबाईंना संशय आला. नाडी मोजूनही मेला पट्टा दर वेळी यांनाच का विचारतो? हा माणूस मरतानाही पित्तच म्हणणार, हे त्यानं बरोबर हेरलंय.

त्यांनी पट्टा ओढून स्वतःच्या हातात चढवला. भीतीनं त्यांचं काळीज धडधडत होतंच.

"कसं वाटतंय?"

जन्मभर 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या शर्मिलाबाई किंचाळल्या, "मरतेय मी!"

"आपत्कालीन. रुग्णवाहिका निघाली."

हेमंतराव कण्हत उठू लागले. "अगं, तुला काय झालं?"