पाठमोरी

रतनबाई सकाळपासून खाचरात होती. दत्तोबाला ओट्यावरून तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. पिवळ्या भातात पाठमोरं, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं हलणारा.

चार दिवस ती मागं लागली होती. पाखरं लोंब्या खातायत, बुजगावणं उभं करा. काल दत्तोबा वैतागला. "ह्ये विटकं लुगडं नेसून तूच उभी ऱ्हा. पाखरं फिरकायची न्हाईत."

 रात्री ती जेवली नाही. आज तो उठायच्या आत ती निघून गेली होती.

तिचा चहा दोनदा गरम झाला. दत्तोबा ओट्यावर बसे, उठे, पुन्हा बसे. लोणावळ्याच्या बाजारातून तिला नवं लुगडं आणायचं त्यानं ठरवलं होतं. पण आधी तिनं घरी यायला हवं होतं.

पुण्यात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारी त्याची लेक प्रेरणा दिवाळीला भाजे गावी आली होती. आईला बोलावू का, असं तिनं विचारलं.

"नको. येईल ती. दिसतीय न्हवं मला."

"आबा, तुम्हाला लुगडं दिसतंय. आई आहे, हे तुम्ही धरून चाललाय."

"मग ह्यो माझा हात हाय का न्हाई, त्ये बी तुझ्या पुस्तकात बघाया लागंल." तो हसला. "तीस वरसं झाली. तिचा राग मला पाठमोरा बी कळतो."

"कळतो, का वाटतं?"

तिनं गमतीनंच विचारलं होतं. पण तो शब्द त्याला कुसळासारखा टोचत राहिला. शेवटी त्यानं चहा किटलीत ओतला आणि तो उतरणीला लागला. चल, बाजारात जाऊ. एवढंच म्हणायचं. वाटभर तो तेच घोकत होता.

बांधावरून त्यानं हाक मारली. ती वळली नाही. तो आणखी जवळ गेला.

बांबूच्या काठ्यांना लुगडं नेसवलेलं होतं. निऱ्यासुद्धा नीट. पदराखाली पालथं मडकं.

दत्तोबाला हसू फुटलं. म्हणजे लुगडं नेसायचं सोडून तिनं ते खरंच बुजगावण्याला दिलं होतं. तो घराकडं वळून ओरडला, "हरलो गं पोरी. तुझी आई हितं न्हाई."

मग किटली ठेवायला तो वाकला. रतनबाई तिथंच होती, बुजगावण्याच्या पायाशी, आडव्या झालेल्या भातात, मुठीत काठ्या बांधायच्या सुतळीचा तुकडा धरून, केव्हाची गार पडलेली.